वन्सं, आईंची लिली फुलली

दहिवली, कर्जत
२८ मे

ती. वन्संना,

उमाचा वाकून नमस्कार. (वाकले असं समजावं. डाव्या गुडघ्याला डॉक्टरांनी श्रावणापर्यंत वाकायची मनाई केली आहे. त्याचं कारण पत्राच्या ओघात येईलच.) इकडे सगळे खुशाल. तुमची साखर आटोक्यात असेल, तुमच्या यजमानांचा खोकला उन्हाने तरी पळाला असेल आणि नाशिकच्या उद्यानप्रेमी मंडळाच्या अध्यक्षपदी पुन्हा तुम्हीच बसला असाल, असं धरून चालते. तुमचे बंधू मजेत आहेत. निवृत्त झाल्यापासून ते मजेतच असतात, त्रास होतो तो घरातल्या वस्तूंना.

पाकीट पाहून तुम्ही दचकला असाल. फोन हाताशी असताना ही बाई कागद भरत का बसली? तर वन्सं, गेल्या मंगळवारी सकाळी मी तुम्हाला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. त्यावर तुमचं उत्तर आलं, 'छान. कुठून डाऊनलोड केलात?' आणि खाली जोडलेले दोन हात. ते हात पाहून मी दुसरा फोटो पाठवला, त्यात फुलाशेजारी तुमचे बंधू उभे केले. त्यावर तुम्ही लिहिलंत की हल्ली कुणाच्याही शेजारी काहीही चिकटवता येतं, वरदने तुम्हाला करून दाखवलंय. आता स्वतःच्या पोराने आईला काय काय करून दाखवावं यावर मी बोलत नाही. पण तेव्हाच ठरवलं की इथे कागदच हवा. लेखी खोटं माझ्या हातून होत नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे (पस्तीस वर्षं गणित शिकवलं, एकाही नापासाला पास केलं नाही). म्हणून शाईने आणि पूर्ण शुद्धीत लिहिते: आईंची लिली फुलली. एक नाही, दोन नाही, तेरा दांडे. विहिरीच्या बाजूला, तुमच्या माहेरच्या मातीत, तेरा लालबुंद चेंडू उभे आहेत. त्यातल्या एका चेंडूतली बारीक फुलं मी मोजली. एकशे त्रेचाळीस भरली. खात्रीसाठी पुन्हा मोजली, तेवढीच भरली.

आता मुळापासून सांगते, कारण मधलं बरंच तुमच्यापासून लपवलेलं आहे.

नर्सरीवाले हिला फुटबॉल लिली म्हणतात. आई नुसतं 'माझी लिली' म्हणायच्या. वैशाखात, पानाचा पत्ता नसताना, जमिनीतून ठिपक्याठिपक्यांचा दांडा सरळ वर यायचा आणि त्याच्या टोकाला चेंडू. मी लग्न होऊन आले त्या वर्षी बावीस आले होते. आई प्रत्येक पाहुण्याला चहाआधी तिकडे न्यायच्या. आई गेल्या त्या वर्षी सात आले. त्यानंतर अकरा वर्षं एकही नाही. पानं मात्र अशी माजायची की शेजारची कर्दळ खजील व्हावी. आणि या अकरा वर्षांत माहेरी आलात की तुम्ही बॅग ठेवायच्या आधी बागेत जायच्यात, दोन पानं उलटीपालटी करायच्यात आणि माझ्याकडे न बघता म्हणायच्यात, 'आईच्या लिलीला तुमचं पाणी काही मानवत नाही, उमा.' मी ते वाक्य चहाबरोबर गिळत आले. शिवाय तुम्ही सांगाल ते सगळं केलं. ताक घातलं, चहाचा चोथा घातला, केळ्याच्या साली कुजवून त्याचं पाणी घातलं (त्या आठवड्यात दूधवाला फाटकाच्या आत आला नाही), आणि हिवाळा असो की उन्हाळा, सकाळ-संध्याकाळ नळीने पाणी. एका वर्षी तुमच्या मंडळातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून रोज पाच मिनिटं तिच्याशी गोड बोलूनही पाहिलं. शेजारच्या सुप्रियाला वाटलं मी तुमच्या बंधूंशी बोलते आहे, म्हणून ती काळजीने विचारायला आली की घरात सगळं ठीक आहे ना.

मग आली गेल्या वर्षीची भाऊबीज. ओवाळणी झाली, आणि तुम्ही जाहीर केलंत की येत्या वटपौर्णिमेपर्यंत फूल दिसलं नाही, तर वरदची गाडी आणून लिलीचे कांदे मुळासकट नाशिकला नेणार. आईची आठवण अशी वांझ ठेवायची नाही, म्हणालात. तो शब्द लिलीबद्दल होता हे मला कळतं, वन्सं. पण आमच्या घरात तो शब्द चाळीस वर्षांत कुणी उच्चारला नव्हता, आईंनी तर नाहीच, म्हणून लक्षात राहिला. तुमच्या बंधूंनी मान डोलावून होकार दिला. तुमच्यासमोर ते मानेनेच बोलतात. मला मात्र त्या दिवशी समजलं की हा आता नुसत्या फुलाचा प्रश्न राहिलेला नाही.

डिसेंबरात मी चुलतबहिणीकडच्या साखरपुड्याला खोपोलीला गेले होते. सकाळी गेले, दुपारी चारला परतले. तेवढ्यात तुमच्या बंधूंना छपरावरच्या टाकीतलं पाणी चार बोटं उतरल्याचं आढळलं. त्यांची एकतीस वर्षं कारखान्याच्या पाणीविभागात गेली; गळती दिसली की त्यांना जेवण गोड लागत नाही. पाईप लिलीच्या वाफ्याखालून जातो, अशी त्यांची पक्की खात्री होती, कारण वीस वर्षांपूर्वी तो त्यांनीच टाकला होता. मी फाटकातून आत आले तेव्हा ते कमरेइतक्या खड्ड्यात उभे होते आणि मला बघून शांतपणे म्हणाले की पाईप इथून जात नाही असं दिसतंय. (तो घराच्या दुसऱ्या अंगाने जातो. गळतही नव्हता. सकाळी मीच दोन चादरी धुतल्या होत्या.) आईंचे कांदे मातीच्या ढिगावर पडले होते आणि पानं उन्हाने जुन्या कोथिंबिरीसारखी झाली होती. मी पायरीवर बसून मोजले, चौदा. पहिला विचार आला, वन्संना काय सांगू? दुसरा विचार आला, वन्संना सांगूच नये. दुसरा मला जास्त पटला.

त्याच आठवड्यात कोंडी आली. तिला तुम्ही पाहिलेलं नाही. डोंगराखालच्या ठाकरवाडीतली, बाजाराच्या दिवशी पाटी घेऊन येते, पावसाळ्यात रानभाज्या आणि थंडीत करांद्याचे कंद. जमिनीखाली जे जे उगवतं ते तिला नावानिशी माहीत. मी तुमच्या मंडळाच्या पुस्तिकेत बघून ते चौदा कांदे ओल्या गोणपाटात गुंडाळले होते आणि वर पाणी शिंपडत होते. तिने पाटी उतरवली, एक कांदा उचलला, अंगठ्याने दाबून पाहिला, हुंगला आणि विचारलं की याला रोज पाणी देतेस का. मी अभिमानाने म्हटलं, दोन वेळा, अकरा वर्षं. सात सत्ते सत्तेचाळीस म्हणणाऱ्या पोराकडे मी जशी बघायचे, तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली,

"निजलेत गं बाय ते. निजल्याला कोन पानी पाजतं?"

तिचं म्हणणं एवढंच की पानं पिवळी पडली की या कांद्याची झोप सुरू होते, आणि आम्ही त्याला अकरा वर्षं झोपू दिलं नाही. सारखं पाणी मिळालं की तो आपला पानंच काढत बसतो. चैत्र सरेपर्यंत कोरड्या राखेत ठेव, पाण्याचा थेंब दाखवू नको, आपसूक उठतील, म्हणाली. आणि जाताना बजावलं की हा कांदा कुणी तोंडात घालायचा नाही, बकरं खाईल तर आडवं होईल. मी चुलीची राख मिळवली (आता दहिवलीत राख मिळवणं किती अवघड आहे याची कल्पना नाशिकला येणार नाही), टोपलीत कांदे पुरले आणि टोपली मागच्या पडवीत फळीवर ठेवून दिली. तुम्ही संक्रांतीला फोनवर विचारलंत, लिली काय म्हणते? मी म्हटलं, आराम करते आहे. बघा, तेही खोटं नव्हतं.

इथवर सगळं ठीक होतं. मार्चअखेर तुमच्या बंधूंचे एक जुने सहकारी अलिबागहून पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन आले. माळ खुंटीला अडकवताना तुटली. कांदे पडवीभर झाले. तुमच्या बंधूंनी ते गोळा करून टोपलीत भरले. 'जागा होती' हे त्यांचं नंतरचं स्पष्टीकरण. वन्सं, पांढरा कांदा आणि आईंची लिली राखेत लोळवून शेजारी ठेवली, तर चष्म्याशिवाय देवालाही ओळखू येणार नाही, आणि तुमचे बंधू चष्मा कपाळावर लावतात.

एप्रिलच्या एका रविवारी सुप्रियाकडे तिच्या सईला बघायला खालापूरची मंडळी यायची होती. पाच येणार म्हणून सांगून अकरा आले. पोह्यांना कांदा कमी पडला. सुप्रिया कुंपणाशी आली. मी गिरणीत दळण आणायला गेलेली. तुमच्या बंधूंनी उदार अंतःकरणाने टोपलीच पुढे केली आणि घरचेच आहेत, संकोच करू नका, असं सांगितलं. मी परतले तेव्हा त्यांनी हे सत्कृत्य मला मोठ्या समाधानाने ऐकवलं. मी दळण तिथेच टाकून टोपली उपडी केली. माझे सहा कांदे निघाले. आठ पोह्यात निघाले होते.

त्या क्षणी मला आधी बकरं आठवलं, मग सई, आणि खरं सांगते, तिसऱ्या क्रमांकाला तुम्ही. सुप्रियाच्या फाटकात पाहुण्यांची गाडी आडवी लावलेली होती. म्हणून मी कुंपणाच्या भिंतीवर चढले आणि पलीकडे उतरले. उतरले म्हणजे काय, ते गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारा. मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले तर सुप्रियाच्या जावेने एक लिली सोलून मधोमध चिरली होती आणि दुसरी विळीला टेकवली होती. मी तिच्या पुढ्यातून ताटच उचललं. भांडं पडलं, आवाज झाला आणि बाहेरच्या खोलीतून मुलाची आजी दारात येऊन उभी राहिली. काठापदराचं नऊवारी, कडक इस्त्रीचा चेहरा. काय चाललंय, तिने विचारलं. आता मी काय सांगू? पोह्यात विष होतं म्हणून सांगितलं तर सईचं लग्न या जन्मी जमलं नसतं. माझ्या केसांत राख, परकर फाटलेला, हातात कांद्यांचं ताट. मी म्हटलं,

"आज आमच्या आळीत कांदा चिरत नाहीत."

का म्हणून आजींनी विचारलं. विद्यार्थ्याचा प्रश्न अनुत्तरित ठेवायची मला सवय नाही. चैत्रातल्या रविवारचा नेम आहे, मी म्हटलं, फार जुना, आणि सुनांना सांगून सांगून आम्ही म्हाताऱ्या थकलो. (तोंडी खोटं आणि लेखी खोटं यांत मी फरक करते.) आजी पाट ओढून तिथेच बसल्या. हल्लीच्या दिवसांत नेमधर्म पाळणारी आळी शिल्लक आहे हे पाहून डोळे निवले, म्हणाल्या. बिनकांद्याचे पोहे दोनदा मागून घेतले आणि जाताना होकार देऊन गेल्या. लग्न मार्गशीर्षात आहे, तुम्हाला बोलावणं येईल. अडचण एवढीच झाली आहे की ती मंडळी आता वरचेवर येतात, मुद्दाम रविवारी, आणि त्यांना तो नेम फक्त चैत्रातला होता हे आठवत नाही. त्यांची गाडी दिसली की आळीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांतून कांदे लपतात. कोपऱ्यावरच्या येसाजीला भज्यांची कढई झाकून ठेवावी लागते. तो हल्ली मला ओळख दाखवत नाही.

अक्षय्यतृतीया झाल्यावर आम्ही कांदे लावले. तुमच्या बंधूंनी टेप लावून एकेक वीत अंतर धरलं, कांद्याची मान मातीच्या वर ठेवली, चिरलेल्या कांद्याच्या दोन्ही फाकींना राख चोळून त्या एकत्र लावल्या. मी पंधरा खड्डे मोजले आणि गप्प बसले. गणिताच्या बाईला हे शोभलं नाही. त्यानंतर पाणी न घालण्याचं काम सुरू झालं. वन्सं, पाणी घालणं सोपं. न घालणं फार कठीण. कोरड्या मातीकडे रोज बघायचं आणि हात मागे बांधून उभं राहायचं. तुमच्या बंधूंना ते अजिबात जमेना. दोनदा मी त्यांना झारीसकट पकडलं, तेव्हा झारी आणि नळी दोन्ही सुप्रियाकडे नेऊन ठेवल्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात वळवाची एक सर आली आणि गेली. पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी मी तांदूळ निवडत होते. तुमचे बंधू आत आले आणि माझ्या हाताला धरून मला वाफ्याशी घेऊन गेले. मातीला चीर गेली होती आणि तिच्यातून एक लाल टोक वर आलं होतं, पोपटाच्या चोचीएवढं.

"उठली गं," ते म्हणाले.

चाळीस वर्षांत हा माणूस माझ्यासमोर रडलेला मी पाहिला नव्हता, आई गेल्या तेव्हाही नाही. मीही मग माझा चष्मा पुसला. पुढे आठवडाभरात तेरा दांडे आले. चिरलेल्या कांद्याने बिचाऱ्याने एक पान काढलं, तेवढंही पुष्कळ. पंधराव्या खड्ड्यातून कांद्याची पात निघाली. तिची थालीपिठं केली, बरी झाली. अख्खी दहिवली बघून गेली. कोंडी आली तेव्हा मी तिला आधी वाफ्याशी नेलं, चहा नंतर. तिला काही नवल वाटलं नाही. झोप झाली त्यांची, एवढंच म्हणाली आणि करवंदांचा वाटा ठेवून गेली.

आता जे लिहिते ते अकरा वर्षांचा हिशेब चुकवण्यासाठी नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. आईंच्या वेळी पाणी विहिरीतून शेंदून काढावं लागे. दिवाळीनंतर उघड्या मातीवर कोण कळशी ओतणार? कुणी ओतली नाही, म्हणून ती निवांत झोपायची आणि वैशाखात फुलायची. आई गेल्या आणि त्यांच्या लिलीला काही कमी पडू नये म्हणून मी नळी लावली. त्यांनी दुर्लक्ष केलं ते तिला मानवलं, मी जीव लावला तो मानवला नाही. म्हणजे तुमचं ते वाक्य शब्दशः खरं होतं, वन्सं. पाणीच मानवत नव्हतं. तुम्हाला ते माहीत नव्हतं एवढंच.

तेव्हा सगळे कांदे नाशिकला जाणार नाहीत. सात तुमचे, सात माझे. त्यातली चिरलेली मी ठेवते. दिवाळीनंतर पानं पिवळी पडली की न्या, आणि नेल्यावर त्यांना काहीही खाऊपिऊ घालू नका. तुमचा हात बागेत फार चालतो, तो तेवढे चार महिने बांधून ठेवा. पण आधी येऊन बघून जा. फुलं अजून दहा-बारा दिवस टिकतील. आईंच्या फोटोपुढे मी एक ठेवलं आहे, दुसरं तुमच्या हातून ठेवायचं म्हणून राखून आहे.

तुमच्या यजमानांना नमस्कार, वरदला आशीर्वाद.

तुमची, बऱ्याच वर्षांनी ताठ मानेने,
उमा

ता. क. फुलांची बातमी खोपोलीच्या एका महिला मंडळापर्यंत गेली आणि त्यांनी ८ जूनला 'घरच्या बागेतील लिलींची जोपासना' यावर पाऊण तासाचं भाषण मागितलं. मी आनंदाच्या भरात हो म्हणून बसले. काल घड्याळ लावून म्हणून पाहिलं. माझं सगळं ज्ञान दीड मिनिटात संपतं. त्या बायका पावसाळी लिलीचं विचारतील, स्पायडर लिलीचं विचारतील, काळ्या-पिवळ्या अळीवर काय मारायचं ते विचारतील, आणि मला त्यातलं ओ की ठो येत नाही. तुम्हाला लॅटिन नावांसकट येतं. तेव्हा तुम्ही ६ तारखेला इकडे या आणि भाषण करा, मी शेजारी बसेन. खरं म्हणजे पत्र लिहायला घेतलं ते याचसाठी. बाकीचं लिहिता लिहिता वाढत गेलं.

ता. क. २. तुमच्या आधी मी कोंडीला विचारलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगते. तिची पेरणी आहे. शिवाय म्हणाली, न करायच्या गोष्टीवर किती बोलायचं गं बाय?

ता. क. ३. सोबत निमंत्रणपत्रिका जोडली आहे. प्रमुख वक्त्या म्हणून तुमचं नाव मोठ्या अक्षरांत छापून झालं आहे, खाली बारीक अक्षरांत प्रास्ताविकाला मी. दोनशे पत्रिका वाटूनही झाल्या. तेव्हा यायचं की नाही हे कळवू नका, कुठल्या गाडीने येताय तेवढं कळवा.